बँकॉकचा खण

बँकॉकच्या कापडबाजारात कांताने रेशमाच्या ताग्याचं टोक चिमटीत धरलं, चुरगळलं, सोडून पाहिलं. दुकानदारीण हसली, कांता हसली नाही. हे रेशीम तिच्या धाकट्या जावेला, रचनाला हवं होतं. "ताई, आमच्या समृद्धीच्या लग्नात ओटीला असा खण पाहिजे, की कल्याणात कुणी बघितला नसेल," असं तिने निघताना दहादा बजावलं होतं.

कल्याणात! दोन वर्षांपूर्वी तिथल्याच एका हॉलमध्ये रचनाच्या सौमित्रचं लग्न झालं होतं. नव्या सुनेची ओटी भरायला कांता पुढे झाली, तर याच रचनाने चारचौघांत तिच्या हातातलं ताट काढून घेतलं होतं. "तुम्ही नको ताई. सवाष्णींना भरू दे." कांताच्या नवऱ्याला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती न जेवता डोंबिवलीला घरी निघून आली.

तेही तिने गिळलं असतं. पण समृद्धीच्या साखरपुड्याला विहीणबाई आल्या, त्याही विधवाच. रचनाने स्वतः त्यांना कुंकू लावलं, ओटी भरायला पुढे केलं आणि वर म्हणते कशी, "आजकाल कोण मानतं हो हे!" कांताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, घे ना पटकन," लेक अक्षदा कंटाळून म्हणाली.

कांताने घेतलं, दुकानातलं सगळ्यात भारी घेतलं. घरी आल्यावर रचनाने खण मागितला, तर "लग्नातच आणते गं" म्हणून टोलवत राहिली.

लग्नात ओटीची वेळ झाली. रचना हात पुढे करून आली. "द्या ताई."

"कशाला? मीच भरते की," कांता मोठ्याने म्हणाली. "का विधवेच्या हातची चालत नाही तुला? मग विहीणबाईंनाही सांग तसं. सौमित्रच्या लग्नात मला सांगितलंस ना?"

विहीणबाईंनी रचनाकडे रोखून पाहिलं. रचनाचा चेहरा पांढराफटक पडला. "भरा ना ताई... असं काय बोलता?"

कांताने ओटी भरली, अगदी सावकाश. खण, नारळ, तांदूळ ओंजळीतून समृद्धीच्या पदरात पडत होते आणि तिची नजर रचनावरून हलत नव्हती. इतकं गोड तिला कित्येक दिवसांत काही लागलं नव्हतं. ताट ठेवून ती वळली, तोच अक्षदाने तिचा दंड धरला.

"आई, अगं, समृद्धी..."

भरली ओटी सावरत समृद्धी तिच्या पायांशी वाकली होती. पोरगी आशीर्वादाची वाट बघत तशीच थांबली होती, आणि ओटी भरताना कांताने तिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.