हिरवं तपेलं

इसाकभाईंनी उभ्या जन्मात कुणाला हिरवं भांडं तसंच परत दिलं नव्हतं. तांब्याला आतून हिरवं चढलं की त्यात ताक कळकतं आणि कळकलेलं ताक जीव घेतं, हे बापाने भट्टीचा भाता हातात देतानाच सांगितलं होतं. मालक नको म्हणाला तरी पदरचं कथील घालून कल्हई करायची. धंद्याचा धर्मच तो.

जळगावच्या एका केळी व्यापाऱ्याने आपल्या गोदामात संग्रहालय मांडायला घेतलं होतं. हौसेला मोल नसतं. दगडी घोडे, भोवाड्याच्या नाचातले लाकडी मुखवटे, परदेशी खुर्च्या, ट्रकचा रंगवलेला फाळका, जे आवडेल ते त्याने उचलून आणलेलं. पितळी समया घासायला इसाकभाईंना बोलावलं. ओसरीवर त्या समयांमागे एक तांब्याचं तपेलं होतं, आतून गच्च हिरवं. इसाकभाई हळहळले. तपेलं घासून, तापवून, नवसागर टाकून त्यांनी कापसाने कथील फिरवलं आणि लखलखीत करून ठेवलं.

संध्याकाळी व्यवस्थापक योगराज आला, तपेलं पाहून दारातूनच ओरडला.

"इसाकभाई, आत भिंतींचं रंगकाम चाललंय म्हणून हे बाहेर काढलं होतं. धुळ्याच्या सुनंदाबाईंचं शिल्प आहे हे. तो हिरवा थर हेच शिल्प. उद्या त्या स्वतः येतायत."

इसाकभाई घाबरले. पोलीस येतील, पेपरात नाव येईल, मग कोण आपल्याला दारात उभं करील? घरी बायकोने, अमिनाबींनी, वाढलेलं ताट त्यांनी तसंच बाजूला सारलं. योगराजने रात्री त्यांना फोन करून वाट काढली. "टेम्पोवाल्या भिकनने वाटेत कल्हई करवून आणलं, असं सांगू. तुम्ही फक्त गप्प राहा." इसाकभाई हो म्हणाले. भ्यालेला माणूस कशालाही हो म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई आल्या. साठीच्या, साध्या सुती साडीतल्या. त्यांनी तपेल्यात वाकून पाहिलं.

"बठ्ठं गयं," सगळं गेलं, असं त्या अहिराणीत म्हणाल्या. "हाई कोनी कयं?"

योगराजने भिकनकडे बोट करायला हात उचलला. दारात भिकन शीळ घालत खुर्च्या उतरवत होता, त्याला कशाचा पत्ताही नव्हता. इसाकभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आपली भीती त्या गरिबाच्या गळ्यात बांधायची?

"मी कयं, अक्का," ते बोलून गेले. "हिरवं दिसनं. कोनी यामां ताक पीसन मरी जाई, म्हनीसन कल्हई कयी."

सुनंदाबाईंनी मान वर केली. मग योगराजकडे वळून सावकाश म्हणाल्या, "माझा धाकटा भाऊ याच तपेल्यातलं ताक पिऊन गेला. त्या साली गावात कल्हईवाला फिरकलाच नाही. पुढे आईने हे कुणाला घासू दिलं नाही. मीही दिलं नाही."

त्यांनी पुन्हा आत पाहिलं. कल्हईत त्यांचं तोंड दिसत होतं. तपेलं पोटाशी धरून त्या खालीच बसल्या.

"भलता उशीर कया, भाऊ," त्या इसाकभाईंना म्हणाल्या.

इसाकभाईंना वाटलं, यापेक्षा पोलीस आले असते तर बरं झालं असतं.