तीन दिवस ठिबकणारी चादर

लाँड्रीच्या तळघरात गल्लीतली वीस माणसं टीव्हीसमोर हात जोडल्यासारखी बसली होती. बातम्या सांगणाऱ्याला शिंप्याने गर्जनाबुवा नाव ठेवलं होतं, पण आता शिंपीही बुवाचा शब्द न् शब्द ऐकत होता.

"नजर हलवू नका, मंडळी. जे कुणालाच दिसत नाही ते आमच्या तिसऱ्या डोळ्याला दिसतं. हे दृश्य आत्ताचं, या श्वासाचं. पूल उडाला आहे. इस्पितळाची गल्ली जळते आहे. गच्चीवर जाऊ नका, बंदूकधारी टपले आहेत. घरात राहा, आमच्यासोबत राहा."

मग धडाम. मग ढोल. मग पुन्हा धडाम.

लाँड्रीवाल्या मावशी सुनेची पाठ चोळत होत्या. पहाटेपासून तिला कळा सुरू होत्या. मुलगा कामाच्या गावी अडकलेला, फोन तीन दिवस मुके. आणि इस्पितळ पुलापलीकडे.

"इथेच बघू काहीतरी," शिंपी म्हणाला. "पूर्वी बाया घरीच बाळंत व्हायच्या."

"मरायच्याही घरीच," मावशी म्हणाल्या. "मूल आडवं आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. तू वळवणार आहेस, दादा, टेप लावून?"

शिंपी पुन्हा टीव्हीकडे वळला. तिकडे वळणं सोपं होतं.

मावशींनीही पाहिलं, रागाने. जळत्या गल्लीच्या कडेला दोरीवर एक चादर होती. एक कोपरा लोंबता, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"ही चादर काल होती ना रे?"

"असेल. परवाही होती."

"आणि परवाही ठिबकत होती. वर कडक ऊन, शेजारी आग, आणि चादर तीन दिवस वाळत नाही?"

"तिथे युद्ध पेटलंय, मावशी, आणि तुमचं लक्ष धुण्यावर."

"धंदाच तो माझा. मोज. आता थेंब पडला. पुढे धूर येईल, मग धडाम, मग कावळा उडेल."

शिंपी चेष्टेने मोजायला लागला. धूर आला, धडाम झालं, कावळा उडाला. चाळीस म्हणताना पुन्हा तोच थेंब. कावळा पाचव्यांदा उडाला तेव्हा शिंप्याने मोजणं थांबवलं.

"म्हणून काही पूल शाबूत ठरत नाही," तो म्हणाला.

"नाही ठरत. या बुवाला काही माहीत नाही, एवढंच ठरलं. आपल्याला माहीत करून घ्यायला जिना आहे."

बेचाळीस पायऱ्या. तीन दिवसांत त्या कुणी चढलं नव्हतं. गच्चीची कडी मावशींनी डोळे मिटूनच काढली. मिटल्या डोळ्यांपुढे बंदूकधारी उभाच होता. डोळे उघडले तर पूल दिसला. त्यावरून एक माणूस पंक्चर सायकल ढकलत चालला होता. फार लांब तोफा वाजत होत्या. युद्ध खोटं नव्हतं.

कपड्यांच्या हातगाडीत गाठोडी पसरून सुनेला झोपवलं. ढकलायला शिंपी आला. बाकीचे म्हणाले, आधी बातम्यांत काय सांगतात ते बघू.

इस्पितळात सुनेला थेट आत नेलं. बाहेरच्या दालनात खिडक्यांना जाड पडदे, अंधार, आणि पन्नासएक माणसं टीव्हीसमोर. टीव्हीवर त्याच इस्पितळाची गल्ली जळत होती.

"ही आग गाद्यांच्या गोदामाची," म्हातारा वॉर्डबॉय हळूच म्हणाला. "चार वर्षं झाली. मीच बादल्या ओतल्या होत्या. त्या वेळच्या चित्रणाचा तुकडा गोल गोल फिरवतायत, वर धमाके चिकटवून."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

तो ओशाळला. "वाटलं, पुन्हा लागली असेल. बाहेर बघितलंय कुणी?"

दोन तासांनी नर्स आली. "मुलगी. दोघी बऱ्या आहेत. अजून तासभर घरी थांबला असतात तर एकही हाती लागली नसती."

मावशींनी दोघींसाठी हात जोडले. मग उठून खिडकीचा पडदा बाजूला ओढला.

"लावा तो, बाई, गोळी येईल," अंधारातून कुणीतरी ओरडलं.

"येईलही एखादी," मावशी म्हणाल्या. "लढाई खरी आहे, भीतीही खरी आहे. म्हणूनच ती दुसऱ्याच्या हाती देऊ नका. 'मीच बघतो, तुम्ही बघू नका' म्हणणाऱ्याला आधी विचारा, हे कधीचं, कुठलं, कुणी टिपलं. उत्तर नाही आलं, तर त्याच्या शब्दावर घरात कोंडून घेऊ नका. या, जरा बघा तरी."

एक म्हातारी उठून आली. बाकीच्यांना मावशी हाका मारत राहिल्या.