मी झोपलो नव्हतो

मी एक जुनं, लाल कानपट्ट्यांचं कासव आहे. वय सतरा वर्षं. पारगावात कुशाबाईंच्या अंगणात माझा सिमेंटचा हौद आहे. मित्रांनो, आज मी ऐटीत उन्हात मान ताणून बसतो. पण एका हिवाळ्यात मी जवळजवळ संपलोच होतो.

कुशाबाईंची लेक वृषाली हिनं मला पुण्याहून डबीत आणलं, तेव्हा मी रुपयाएवढा होतो. पुढं ती लग्न होऊन गेली आणि मी ओसरीच्या कोपऱ्यातल्या टबात राहिलो. तिथं ऊन येत नसे. खायला रोज तीच डबाबंद सुकी कोळंबी. कुशाबाई दिवसभर कोंबड्यांच्या शेडमध्ये असत. जाता-येता चिमूटभर टाकत, एवढंच.

हळूहळू माझे डोळे जड झाले, सुजले आणि एके दिवशी उघडेचनात. कोळंबीचा वास येई, पण ती कुठं पडली ते दिसत नसे. कासवाला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी टबाच्या कडेला डोकं टेकून पडून राहिलो.

कुशाबाईंचे यजमान गेणभाऊ म्हणाले, "थंडी हाय. झोपलंय त्ये."

चौथ्या दिवशी कुशाबाईंनी मला उचललं. अठरा वर्षं पिल्लं वाढवलेले ते हात. त्यांनी माझ्या पापण्या निरखल्या.

"आवो, ह्ये झोपलेलं न्हाई! डोळं सुजल्यात. मागं खाद्यात खोट व्हती, तवा आपल्या पिल्लांचं असंच झालं व्हतं."

"मग डिंभ्याच्या धरणात सोडून देऊ. मोकळं व्हईल."

"आंधळं लेकरू कुणी पाण्यात सोडतं का?"

त्यांनी खोक्यात ओला टॉवेल अंथरला, मला त्यात ठेवलं आणि जीपनं नारायणगावच्या जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी मला तपासलं आणि काय खातो ते विचारलं. कुशाबाईंनी कोळंबीचं आणि पिल्लांच्या डोळ्यांचंही सांगितलं.

"बरोबर ओळखलंत, मावशी. अ जीवनसत्त्वाची कमतरता आहे. औषध मी वजन करून देतो. मनानं मात्र काही पाजू नका, जास्त झालं तर उलट अपाय होतो. आणि याला धरणात कधीच सोडायचं नाही. हे परदेशी आहे, आपल्या कासवांच्या जिवावर उठेल."

त्यानंतर कुशाबाई रोज कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ फडक्यानं माझे डोळे पुसत. पाणी रोज बदलत. मला हाताळून झालं की साबणानं हात धूत. सकाळचं ऊन मिळावं म्हणून टब अंगणात आला, त्यात बसायला वीट आली. संध्याकाळी गारठा पडला, की पिल्लांना ऊब देणारा बल्ब विटेवर टांगला जाई. नुसती कोळंबी बंद झाली. गाजर, लाल भोपळा, पालेभाजी, कधी कलेजीचा तुकडा कुशाबाई चिमट्यानं माझ्या तोंडाशी धरत. बरेच दिवस मी तोंड उघडलं नाही. त्या मात्र रोज धरत राहिल्या.

बाराव्या दिवशी उजवा डोळा किलकिला झाला. समोर काहीतरी केशरी दिसलं. मी ते खाल्लं!

"आवो, खाल्लं! गाजर खाल्लं!" कुशाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की शेडमधल्या कोंबड्या बिथरल्या. गेणभाऊ तर महिनाभर भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या बाईनं डाक्टरच्या आधी ओळखलं, राव!" माझा हौदही त्यांनीच बांधला.

मग लोक आपापली कासवं दाखवायला आणू लागले. मागच्या महिन्यात जया नावाची शिक्षिका आली. तिचं कासव एका अंगावर कलून पोहत होतं, नाकातून बुडबुडे येत होते. कुशाबाईंनी एकदाच पाहिलं.

"छातीत बिघाड दिसतोय. ह्ये माझं काम न्हाई, बाई. आत्ताच्या आत्ता डाक्टरकडं जा."

ती तशीच गेली. परवा तिचा फोन आला: कासव सरळ पोहतंय. मी विटेवर बसून ऐकत होतो. मित्रांनो, माझी मान आणखी दोन बोटं वर गेली!

तुमच्याकडं माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला रोज नीट बघा. डोळे, नाक, कवच, खाणं, पोहणं. वेगळं काही दिसलं तर उद्यावर टाकू नका. आमचं दुखणं आम्ही सांगू शकत नाही. ते कुणीतरी वाकून पाहावं लागतं.