तीस पावलांवर आत्या

आत्या गेली बुधवारी पहाटे, आणि लुसेआनेच्या छोटीचा पहिला वाढदिवस होता शनिवारी. ऑकलंडची, सिडनीची मंडळी तोवर निघालेलीच होती. वाढदिवसाला म्हणून निघाली आणि मयताला पोचली. फुलाफुलांचे कपडे पेट्यांतच राहिले, काळे शेजारून मागून आणले. मांडव तोच ठेवला, फक्त फुगे उतरवले. डुकरंही तीच, कोनफळंही तीच. केक मात्र बेकरीवाल्याला नको म्हणून सांगायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. शनिवारी सकाळी तो गुलाबी केक चुलघराच्या दारात येऊन उभा.

"आता ह्याचं काय करू?" लुसेआनेनं विचारलं.

"कापून वाढायचा," काटालीना म्हणाली. ही तिची मावसबहीण, मदतीला आलेली. "लोकांना गोड लागतंच, मयत असो की बारसं. तेवढा वरचा एकचा आकडा खरवडून टाक म्हणजे झालं."

लुसेआनेनं सुरी घेतली आणि एकचा आकडा हलक्या हातानं खरवडला. पाठीला बांधलेल्या छोटीनं मागून हात लांबवला, तेव्हा ते क्रीम तिच्याच तोंडात घातलं.

फोआ बेटावर काय आणि अख्ख्या टोंगात काय, घरात आत्येचा मान बापाच्याही वर. आणि तिचा मान जितका वर, तितकी भावाची पोरं खाली. ती गेली की भावाच्या पोरांनी कमरेला सगळ्यांत मोठी, सगळ्यांत फाटकी चटई गुंडाळायची, केस मोकळे सोडायचे, चुलीशी राबायचं. प्रेताजवळ फिरकायचं नाही. बाकी सगळं गाव रांगेनं आत जातं, गालाला गाल लावून निरोप घेतं. ह्यांनी नाही. ह्यांनी तोंडही बघायचं नाही. बापाच्या मयताला मुलांनाही हाच नियम; लुसेआनेचा बाप आजोबांच्या मयताला असाच धुरात उभा होता, आणि तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पण ही आत्या नुसती आत्या नव्हती. आई गेली तेव्हा लुसेआने तीन वर्षांची, बाप बोटीवर. आत्येनं तिला उचलून घरी आणलं ते लग्न होईपर्यंत. चार लोकांत पोरीनं तिच्यापुढं मान खाली घालून बसायचं, उष्ट्याला हात लावायचा नाही. लोक पांगले की आत्या आपल्याच पानातल्या माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढायची. "कुणी बघत नाहीये. गीळ पटकन." पुढं छोटी झाली, तिचं नाव ठेवायचा मान आत्येचाच. तिनं सरळ आपलंच ठेवलं, सेपीउता. "दुसरं कशाला शोधा? हे धुऊन-पुसून ठेवलंय."

गेल्या रविवारी चर्चमधून निघताना आत्येनं हाक मारली होती. लुसेआनेनं छोटीचा लंगोट बदलता बदलता मान वर न करताच "येते गं गुरुवारी" म्हटलं. मान वर केली तेव्हा आत्या पाठमोरी चालली होती. लुसेआनेला फक्त एकदा तिचं तोंड बघायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

चुलघरापासून आत्येला ठेवलेलं घर तीस पावलं. तिनं तीन दिवसांत ती कितीदा मोजली होती.

फोन वाजला. ऑकलंडहून वाई, काटालीनाची धाकटी बहीण. तिला रजा मिळाली नव्हती. त्या घराच्या दाराशी बसलेला कुणी नातू परदेशातल्यांसाठी मोबाइलवरून सगळं दाखवत होता, ते ती तिकडे टॅबवर बघत होती.

"लुसे, अगं किती छान दिसतेय तुझी आत्या! तू नशीबवान बाई, तिथं आहेस. आम्ही बसलोय काचेला नाक लावून."

लुसेआनेला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना.

"वाई, मी चुलीशी आहे."

"अगं हो गं. मी विसरलेच."

"मला दाखव ना. व्हिडिओ लाव, टॅबसमोर फोन धर."

काटालीनानं पळीचा हात थांबवला. "लुसे, हे बरोबर नाही हं."

"मी आत कुठं चाललेय? मी इथंच आहे."

काटालीना पाठ फिरवून, वाफ हाकलल्यासारखं करत, दारात आडवी उभी राहिली.

पडद्यावर आधी वाईच्या खोलीतला दिवाच चमकला. "तिरका कर." मग झाडाच्या सालीचं चितारलेलं कापड दिसलं. चटयांची चळत. कुणाची तरी वाकलेली पाठ. उशाशी फुसी, ताठ. आत्येच्या आत्येची ही लेक, राजधानीत राहणारी, ह्या मयतातला सगळ्यांत वरचा मान तिचा. तिच्या मांडीपाशी फुलं, आणि फुलांत काहीतरी फिकट. कपाळ?

"हलू नकोस वाई. त्या पुढच्याला उठू दे."

पुढचा माणूस उठला. तेवढ्यात फुसीनं हात वर केला. "फोन पुरे आता. झाकायची वेळ झाली." चित्र कलंडलं, कुणाचा गुडघा, छप्पर, आणि मग काळं.

"लुसे?" वाई म्हणत होती. "लुसे, दिसली का गं?"

तीस पावलांवर प्रार्थनेचं गाणं सुरू झालं. लोक पेटी उचलून निघाले. लुसेआनेनं भट्टीवरची पानं बाजूला केली, कारण तीनशे माणसं परत येऊन जेवायची होती.

दुपारी जेवणं आटोपल्यावर फुसी स्वतः चुलघरात आली. खालच्या मानाच्यांचे केस तिनंच कापायचे असतात. बाई थकलेली होती, तीन दिवस बसून पाय सुजले होते. लुसेआने तिच्यापुढं जमिनीवर बसली. छोटीला काटालीनानं घेतलं.

कात्री केसांना लागली तशी लुसेआने म्हणाली, "एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"कशी दिसत होती हो ती?"

कात्री थांबली. "म्हणजे?"

"चेहरा. तुम्ही तीन दिवस उशाशी होतात."

फुसी खरोखर आठवू लागली. "फुलं खूप होती. चटया तर इतक्या सुंदर, वावाऊ बेटाची एक..." मग तिचा आवाज खाली आला. "मी तिला उभ्या जन्मात दोनदा भेटले गं, पोरी. ती एरवी कशी दिसायची, मला काय ठाऊक?"

"ओठ मिटलेले होते? का थोडे उघडे?"

फुसीनं कात्रीला अडकलेले केस झटकले.

"मिटलेले," ती म्हणाली. "असावेत."

लुसेआनेनं मान आणखी पुढं वाकवली, म्हणजे तिला कापायला सोपं पडेल.