माझ्या पायांखालचा तवा

मित्रांनो, मी एक जुना पंपाचा स्टोव्ह आहे. पितळी अंगाचा, तीन पायांचा आणि तापट डोक्याचा. सध्या हातगाडीखालच्या खोक्यात पडून आहे आणि माझं डोकं पार चक्रावलंय. तुम्हीच सांगा, माझं चुकलं तरी काय?

ऑम्लेटच्या या गाडीवर माझी हयात गेली. मालकिणीला सगळे मावशी म्हणतात. तिने रॉकेल भरलं, पिन मारली, पंप मारला, की मी असा भरभरायचो की कोपऱ्यावरची गिऱ्हाइकं नुसत्या आवाजावर यायची. "माझा वाघ आहे हा!" मावशी म्हणायची.

पुढे मी म्हातारा झालो, धूर ओकू लागलो. मावशी खोकू लागली. डॉक्टरांनी बजावलं, "धूर सोडा, नाहीतर गाडी सोडा." गाडी सोडून खाणार काय? म्हणून लेकीने बॅटरीवर चालणारी काचेची शेगडी आणली. ना जाळ, ना आवाज! मावशी पेटती काडी घेऊन विचारते, "अगं, लावू कुठे?" हसावं की रडावं, मला कळेना.

तिने नेहमीचा ॲल्युमिनियमचा पॅन ठेवला. शेगडी टीं टीं करून बंद. पुन्हा ठेवला, पुन्हा टीं टीं.

"ही तर माझ्याहून किरकिरी! राहू दे, माझा वाघच बरा," मावशी वैतागून म्हणाली.

मी खूश! जोरात पेटलो. आणि मावशीला अशी उबळ आली की ती गाडी धरून खालीच बसली. तिला श्वास घेता येईना. लेक रडकुंडीला आली.

"आई, हिला लोखंडी भांडं लागतं, दुकानदार म्हणाला होता. विसरलेच मी! आपला जड तवा कुठंय?"

मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं.

गाडीचं लाकूड जळू नये म्हणून तो तवा कित्येक वर्षं माझ्याच पायांखाली होता. लेकीने मला विझवलं, फडक्याने धरून खाली ठेवलं आणि तवा घासला. ऑम्लेट छान फुगलं म्हणे.

आता वरून मावशीचं बोलणं ऐकू येतं. ती गिऱ्हाइकांची चेष्टा करते, एका दमात अख्खा किस्सा सांगते. माझ्या भरभरीत ते मला कधी ऐकूच आलं नव्हतं. ऐकून बरं वाटतं, पण प्रश्नही पडतो. मी वाघ होतो की वैरी?

काल लेक म्हणाली, "स्टोव्ह विकून टाकू?"

"नको गं. अडीनडीला पेटवू."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आम्ही सांगायची रीत आहे. मला खुशाल पुसा, घासा, खेळायला घ्या. पण रॉकेल तेवढं घालू नका. मावशीचा किस्सा अजून संपलेला नाही.