उंदरांचं तेल

गोंडपिपरीच्या बाजारातल्या मुजफ्फरच्या जडीबुटीच्या दुकानाला लोक उंदराचं दुकान म्हणत. दोष त्याचाच. नागपूरचे एक प्रोफेसर त्याच्याकडून मालकांगणीचं बी नेत. मेंदूचं रक्त अडवलेल्या उंदरांपैकी ज्यांना या बियांचं तेल दिलं होतं, त्यांच्या मेंदूची नासाडी कमी झाली, असं ते एकदा चहा घेताना बोलून गेले. तेल आधी कित्येक दिवस पाजलं होतं, माणसावर अजून काहीच पाहिलेलं नाही, हेही ते बोलले. ते मुजफ्फरनं चहाच्या कपातच राहू दिलं. आयत्या बिळावर नागोबा! गिऱ्हाईक आलं की उंदीर सुरू आणि उंदीर संपले की बाटली पुढे.

त्या सकाळी वारलूनं भाड्यानं केलेली जीप दुकानासमोर थांबली. मागच्या सीटवर त्याची बायको आशाबाई होती, तोंड वाकडं, उजवा हात लुळा. लकव्याच्या माणसाला सुई टोचली की लकवा कायमचा बसतो, असं सगळेच धरून चालत. म्हणून वारलू आधी तेलाला आला होता.

मुजफ्फरनं तेल नाही म्हणून सांगितलं. तोंडात पाणीसुद्धा घालू नको, सरळ चंद्रपूरला ने, म्हणाला. त्याच्या पाठीमागं फळीवर बाटल्या ओळीनं उभ्या होत्या.

"आपल्या मायले तं पाजलं होतं ना, भाऊ," वारलू म्हणाला. "मंग आमाले काऊन नाई?"

पाजलं होतं. मागच्या पावसाळ्यात त्याची आई अख्तरीबी नमाजाआधी वजूचे हातपाय धुता धुता कलंडली. घरात औषध असताना दवाखाना कशाला, म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं चमचा लावला. तिला गिळता येत नव्हतं. ठसका लागला, तरी त्यानं पाजलं. ती लकव्यानं नाही, फुप्फुसात तेल गेल्यानं मेली, असं चंद्रपूरच्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. गावात मात्र मुजफ्फर सांगत फिरला की तेल द्यायला जरा उशीर झाला. दुकान चालायला हवं होतं. मेल्या आईच्या नावावरही त्यानं बाटल्या विकल्या. पण आईसारखं वाकडं तोंड दुकानासमोर आलं ते आज पहिल्यांदाच.

"उशीर नव्हता झाला, वारलू," तो म्हणाला. त्याला स्वतःचीच किळस आली. "तेल फेफड्यात गेलं तिच्या. अम्मीले मीच मारलं."

वारलूनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे.

"गरिबाले द्याचं नसन तं नका देऊ. मेलेल्या मायवर काऊन घालता?"

जीप वळली ती चंद्रपूरच्या रस्त्याला नाही, बाजाराच्या खालच्या टोकाला. तिथल्या दुकानात मुजफ्फरचंच तेल असे. तो अनवाणी धावला. पोचला तेव्हा वारलूनं बायकोची मान उचलून धरली होती, हातात चमचा होता. मुजफ्फर मध्ये पडला, तर लोकांनी त्यालाच मागं ओढलं. दुकानदार शांतपणे उंदरांची गोष्ट सांगत होता, मुजफ्फर सांगे तशीच, शब्दन्‌शब्द.

मग आशाबाईला ठसका लागला.