मशिनीला ठसका नाही

वच्छलाबाईची कंबर वर्षभर दुखत होती आणि घरात ते कुणालाच खरं वाटत नव्हतं. शेवटी जाऊ भागूबाईनं तिची दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकल्या. नजर जबर असली की जळत्या मिरच्यांचा ठसका लागत नाही, हे फुलंब्रीकडचं शेंबडं पोरही सांगेल. इथं तर अख्खं घर खोकून बेजार! "नजर नाय न् काय नाय. सोंग हाय नुसतं," भागूबाईनं निकाल देऊन टाकला. नवरा सोनाजी मेंढरांकडं बघत गप्प राहिला. त्याचं ते गप्प राहणंच वच्छलाबाईला जास्त लागलं.

म्हणून आज संभाजीनगरच्या दवाखान्यात, एमआरआयच्या मशीनपुढं, ती देवाला विनवत होती: काहीतरी दिसू दे रे बाबा! स्वतःच्या अंगात खोट सापडावी म्हणून देवाला साकडं घालणारी बाई कधी पाहिलीत? मंगळसूत्र न् जोडवी तिनं सोनाजीच्या हातात दिली आणि ती आत सरकली.

मशीन धडधडू लागलं, तसे तिचे डोळे जड झाले. पाहते तो आत सगळं माळरान, त्यावर मेंढरं संथ चाललेली. त्यांत एक काळं कोकरू. तिनं लगेच ओळखलं, हेच आपलं दुखणं. केवढंसं होतं, आणि कसं थरथरत होतं! डॉक्टरीणबाईंना दाखवावं म्हणून ती त्याला धरायला गेली, तर ते सुळकन मेंढीच्या पोटाखाली शिरलं. "ये की रं भाईर, लेकरा," ती विनवत राहिली.

"मावशी, रिपोर्ट एकदम क्लीन आहे. काहीच दिसत नाही," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

वच्छलाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. आता भागूबाई गावभर डांगोरा पिटणार. नवऱ्याकडं पाहायचा तिला धीर होईना.

सोनाजी मात्र पांढराफटक पडला होता. बाहेर येऊन तो बाकावर मटकन बसला.

"मिरच्यांचा ठसका नाय लागला, की आपण काय म्हनतो गं? इथं तर एवढ्या मोठ्या मशिनीला ठसका नाय! केवढं दुखनं आसंल तुझं..." त्याचे डोळे भरून आले.

मशीन म्हणजे चूल नव्हे, एवढं वच्छलाबाईला कळत होतं. पण अशी चूक दुरुस्त करायला ती काही वेडी नव्हती.

फुलंब्रीच्या एसटीत त्यानं घोंगडी घडी करून तिच्या कमरेमागं लावली. जोडवी अजून त्याच्याच मुठीत होती.

"लई दुखतं का गं?"

वर्षभरात हे कुणी विचारलंच नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले. ते काळं कोकरू आपणहून बाहेर आलं आणि तिच्या मांडीवर निजलं.